लंडनचीं वलयें

परदेशीं विद्येसाठीं निघालेल्या मुलाच्या पेटींत लोणच्याची बरणी, लोकरी कपडे, औषधें सारें काळजीपूर्वक भरलें जातें; परंतु तेथें बिऱ्हाडाहून विद्यालयांत रोज जावें कसें व त्यास पडतें काय, हा विचार बहुधा विमानांत बसल्यावर सुरू होतो. आमचा भाचा लंडन येथें शिकतो. त्याच्याकडे आम्ही सहा आठवडे राहून त्याच्याबरोबर पुष्कळ हिंडलों. त्या वेळीं जें पाहिलें तें, ज्यांच्या घरचीं मुलें त्या वाटेवर आहेत अशा वाचकांस उपयोगी पडेल, असें वाटतें.

लंडनची भुयारी आगगाडी जगांतील पहिली. आपली मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं निघाली. त्यानंतर दहाच वर्षांनीं, १० जानेवारी १८६३ रोजीं, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही गाडी भुयारांतून धांवूं लागली, आणि तीही वाफेच्या इंजिनानें! हल्लीं तेथें स्टेशनोस्टेशनीं जो नकाशा दिसतो, त्याचा मूळ घाट हॅरी बेक नांवाच्या नकाशे काढणाऱ्या गृहस्थाचा असून तो १९३३ सालीं प्रथम लोकांच्या हातीं आला. भुयारांतील प्रवाशास जमिनीवरील अंतराशीं कर्तव्य नाहीं; कोठें चढावें, कोठें गाडी बदलावी व कोठें उतरावें, एवढेंच त्यास हवें, हें बेकनें ओळखलें. म्हणून त्यानें वेड्यावांकड्या वाटा सरळ केल्या. रूपें पाठ करण्याच्या कोष्टकाप्रमाणें हा नकाशा स्मरणास सोपा आहे. पण कोष्टक म्हणजे भाषा नव्हे. कॉव्हेंट गार्डन व लेस्टर स्क्वेअर हीं स्टेशनें एकमेकांपासून सुमारें पाव किलोमीटरवर आहेत. नवखा विद्यार्थी नकाशा पाहून तेवढ्यासाठीं भुयारांत उतरतो व भाडें भरतो. जाणता मनुष्य वरून चालत जातो.

भाड्यासाठीं शहराचीं नऊ वलयें कल्पिलीं आहेत. पाण्यांत खडा टाकला असतां जशीं उठतात, तशींच हीं. मध्यभाग हें पहिलें वलय. त्यांतून बाहेर जावें तसें गाडीभाडें वाढतें आणि घरभाडें उतरतें. भाच्याच्या एका सोबत्यानें स्वस्त खोली पाहून पांचव्या वलयांत बिऱ्हाड केलें. खोलींत जें वांचलें तें गाडींत गेलें, आणि रोजचे अडीच तास गेले ते निराळेच. घरीं वडिलांनीं शिक्षणासाठीं कर्ज काढलेलें. दोन महिन्यांनीं तो दुसऱ्या वलयांत दोघांच्या भागींत राहावयास आला, तेव्हां कोठें त्याचा हिशेब जुळला. यास्तव खोली ठरवितांना दोन्ही भाड्यांची बेरीज करावी.

सवलती आहेत, पण त्या मागाव्या लागतात. लंडनमध्यें राहून पूर्णवेळ शिकणाऱ्या अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यास, त्याची संस्था त्या योजनेंत असल्यास, छायाचित्रासह ऑयस्टर कार्ड मिळतें. त्यावर आठवड्याचा, महिन्याचा किंवा त्याहून लांब मुदतीचा पास शेंकडा ३० कमी दरानें मिळतो. सुट्या प्रवासास मात्र ही सूट नाहीं. सोळा ते पंचवीस वयासाठीं असलेलें रेलकार्ड त्या कार्डास जोडून घेतलें, तर गर्दीची वेळ टाळून केलेल्या गाडीच्या सुट्या प्रवासांत तिसरा हिस्सा वांचतो.

“मामा, बाहेर पडतांनाही कार्ड लावा हं!” असें भाचा आम्हांस प्रत्येक स्टेशनावर बजावीत असे. भुयारी गाडीस चढतां-उतरतां दोन्ही वेळां कार्ड यंत्रास लावावें लागतें. उतरतांना राहिलें, तर त्या प्रवासाचें जास्तींत जास्त भाडें कापलें जातें.

बसचा न्याय वेगळा. बसला वलयें नाहींत. कितीही दूर जा, भाडें एकच, आणि कार्ड चढतांनाच लावावयाचें. हें भाडें २०२३ सालीं १ पौंड ७५ पेन्स झालें. पहिल्या बसमध्यें कार्ड लावल्यापासून तासाच्या आंत दुसऱ्या बसमध्यें चढलें, तर निराळें भाडें पडत नाहीं. रोख पैसे मात्र २०१४ पासून घेत नाहींत. वेळ अधिक लागतो, हें खरें. परंतु वरच्या मजल्यावर पुढें बसलें म्हणजे नदी, पूल, बागा, शाळेंतून सुटलेलीं मुलें हें सारें दृष्टीस पडतें. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचें जें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं घेतलें, जेथें डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्यें विद्यार्थिदशेंत राहिले, तेंही आम्ही असेंच बसनें जाऊन पाहिलें.

लहानशी अरुंधती दाखवावयाची तर आधीं जवळचा मोठा तारा दाखवावा, असा न्याय आहे. नव्या विद्यार्थ्यानेंही तोच धरावा. पहिल्या आठवड्यांत बिऱ्हाड ते विद्यालय एवढी एकच वाट गाडीनें, बसनें व जमेल तेवढी पायीं पक्की करावी. मग तीवरूनच वाचनालय, बाजार, मित्राचें घर जोडीत जावें. महिन्याभरांत शहर परकें राहत नाहीं.

आणि घरच्यांनीं फोनवर “जेवलास का?” हें तर विचारावेंच, पण “आज कोणत्या बसनें आलास?” हेंही विचारावें. उत्तर चटकन आलें, तर मुलगा तेथें रुळला असें समजावें.