बहराचं टाइमटेबल

मागच्या फेब्रुवारीत बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बंगळुरूला आले. मी इथे आल्याला सात वर्षं झाली, पण पुण्याबाहेरही पाहण्यासारखं काही असतं हे पुणेकराला पटायला तेवढा वेळ लागतोच! रविवारी सकाळी त्यांना लालबागेत घेऊन गेले. गुलाबी टॅबेब्युया ऐन भरात होता. फांद्यांवर पान जवळजवळ नाही, नुसती फुलं. खाली रस्ताही गुलाबी. बाबा चालता चालता थांबले, मान वर केली आणि विचारलं, ‘‘ही झाडं कोणी लावली गं?’’

‘‘ब्रिटिशांनी असतील,’’ मी आपलं ठोकून दिलं.

‘‘ब्रिटिशांनी म्हणजे? माणसाला काही नाव असेल ना!’’

आता काय सांगणार? सात वर्षांत मी इथलं ट्रॅफिक, पाण्याचे टँकर आणि घरमालकांची डिपॉझिटं या विषयांत पीएच.डी. केली होती. झाडांच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. मुळात या शहराच्या वाटेला गेले नव्हते म्हणा ना. ‘बंगलोर टेम्पररी आहे, नंतर पुणंच,’ हे वाक्य मी आल्या दिवसापासून घोकत होते. चार घरं बदलली. टेम्पोत मावणार नाही असं काही घ्यायचं नाही, हा नियम. हौसेने आणलेला कढीपत्ता आणि दोन जास्वंदी दुसऱ्या शिफ्टिंगच्या वेळी वॉचमनला देऊन टाकल्या. त्यानंतर कुंडीच आणली नाही.

बाबा परत गेले, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला लागले.

लालबाग सुरू केली हैदर अलीने, १७६० साली. टिपूने ती वाढवली. ब्रिटिश अमलात तिला शास्त्रशुद्ध वनस्पती उद्यानाचं रूप आलं. प्रसिद्ध ग्लास हाउस १८८९ मधलं, तेव्हा बागेचे प्रमुख जॉन कॅमेरॉन होते. आणि त्यांच्यानंतर १९०८ मध्ये आला तो माणूस ब्रिटिश नव्हताच. तो होता जर्मन. गुस्टाव हर्मान क्रुम्बिगेल.

जन्म १८६५ चा, ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावातला. पिलनित्झला बागकामाचं शिक्षण, मग श्वेरिन आणि हॅम्बुर्गमध्ये नोकऱ्या. १८८८ मध्ये इंग्लंड गाठलं, लंडनच्या हाइड पार्कमधले फुलांचे ताटवे आखले, क्यूच्या जगप्रसिद्ध उद्यानात काम केलं. थोडक्यात, आपल्यासारखीच सीव्ही! एक नोकरी, दुसरी नोकरी, दुसरा देश. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, त्याला पुढची ऑफर आली ती थेट बडोद्याहून. सयाजीराव गायकवाडांची.

इथे मी खुर्चीत सरसावून बसले. म्हणजे या जर्मन माळ्याला हिंदुस्थानात आणलं ते एका मराठी राजाने! सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातला मुलगा, दत्तक जाऊन महाराज झालेले. मोठी सार्वजनिक बाग म्हणजे कामाटीबाग, आताची सयाजीबाग, १८७९ मध्येच त्यांनी बडोद्याला दिली होती. क्रुम्बिगेलकडे संस्थानच्या बागांची जबाबदारी आली. उटीला महाराजांचा उन्हाळी महाल होता, तिथली बागही त्याच्या हातची. पंधरा वर्षं तो बडोद्याच्या नोकरीत राहिला. एका कंपनीत पंधरा वर्षं, आपल्याला जमेल?

मग म्हैसूरच्या कृष्णराज वडियार महाराजांनी त्याला बोलावून घेतलं आणि चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ बंगळुरूला आला. लालबागेबरोबर म्हैसूर संस्थानातल्या सरकारी बागाही त्याच्याकडे आल्या. परदेशी उद्यानांशी बियाण्यांची देवाणघेवाण करून त्याने कितीतरी नवी झाडं आणली. १९१२ मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी उभी राहिली त्यातही तो होता. मिर्झा इस्माइल दिवाण असताना कृष्णराजसागर धरणाखाली वृंदावन गार्डन्स झाली, त्या आखणीतही त्याचा सल्ला होता. हो, तेच वृंदावन, जिथल्या कारंज्यांभोवती आपल्या आईबाबांच्या वेळचे हिंदी हीरो-हिरॉइन गाणी म्हणत फिरायचे!

पण मला सगळ्यात आवडली ती त्याच्या नावाशी जोडलेली एक साधी कल्पना. शहरातली झाडं अशी निवडायची आणि अशी लावायची, की एकाचा बहर ओसरेपर्यंत दुसऱ्याचा सुरू व्हावा. रस्ता कधी रिकामा दिसता कामा नये. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी टॅबेब्युया, त्यापाठोपाठ पिवळा, मग जॅकरंडाचा जांभळा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर आणि सोनमोहर, पावसाळा ओसरताना पिचकारीची शेंदरी फुलं, आणि थंडीच्या तोंडावर बुचाचा वास. चक्क बहराचं टाइमटेबल! आज दिसणारं प्रत्येक झाड काही त्याने लावलेलं नाही. त्याच्यानंतरच्या फलोद्यान आणि वन खात्यातल्या लोकांनी ही कल्पना पुढे नेली, झाडांची यादी वाढवली. आणि खरं सांगायचं तर त्याच्या काळातसुद्धा खड्डे खणणारे, घागरीने पाणी घालणारे माळी वेगळेच होते. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं बिननावाचंच राहतं.

एक मात्र त्याने केलं. आपलं काम शिकवून ठेवलं. त्याच्या हाताखाली तयार झालेले एच. सी. जवराया पुढे क्यूला शिकून आले आणि १९३२ मध्ये क्रुम्बिगेल निवृत्त झाल्यावर लालबागेचे प्रमुख झाले. साहेबाच्या खुर्चीत कानडी माणूस, तेही स्वातंत्र्याच्या पंधरा वर्षं आधी.

गोष्ट इथे संपली असती तर छान, गोड झाली असती. पण १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानातले जर्मन रातोरात शत्रू ठरले. त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं, आणि त्यात क्रुम्बिगेलही होता. वय त्र्याहत्तरच्या पुढे. आयुष्यातली सेहेचाळीस वर्षं या देशात गेलेली. ज्या शहरात वर्षभर काही ना काही फुललेलं असावं म्हणून तो झटला, तिथे त्याचा पासपोर्ट तेवढा मोजला गेला.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. माझ्याशी तर कोणी वाईट वागलंही नव्हतं. फार फार तर एखाद्या रिक्षावाल्याने ‘कन्नडा बरल्वा?’ म्हणून ऐकवलं असेल, आणि सात वर्षांनंतर त्याचं चुकलं असं म्हणायची माझी तरी काय टाप? तरी तेवढ्यावरून ‘आपण इथले नाहीच’ असं ठरवून मी मोकळी झाले होते. त्याच्यापाशी तर जायला केवढं मोठं कारण होतं. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, साहेब लोक बोटी पकडून निघाले. हा इथेच राहिला. ८ फेब्रुवारी १९५६ ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बंगळुरूतच गेला. होसूर रोडवरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. त्या रस्त्यावरून मी शंभरदा गेले असेन. पाटी वाचली नव्हती.

परवा बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितल्यापासून ते त्याला ‘क्रुम्बिगेलसाहेब’ म्हणतात. एरवी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘मग, परत कधी येतेयस?’’ आता विचारतात, ‘‘काय फुललंय सध्या?’’

‘‘बूच. कोपऱ्यावर सडा पडतोय सकाळी.’’

‘‘आणि ते गुलाबी?’’

‘‘त्याला वेळ आहे. जानेवारीअखेर सुरू होईल. तुम्ही या ना फेब्रुवारीत. आणि बाबा, येताना आपल्या दारातल्या कढीपत्त्याचं एक रोप आणा.’’

‘‘आणतो. पण तुझं ते टेम्पो-बिम्पो?’’

‘‘बघू,’’ म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, फेब्रुवारीतही मी इथेच असणार, हे मी न अडखळता बोलून गेले होते.