चकचकीत छायाचित्राची चकाकी

पेढीवर गादीच्या मागे लावलेले आजोबांचे रंगीत छायाचित्र ही केवळ शोभेची वस्तू नसते. निगेटिव्ह हरवलेले असले, तर ती एकच प्रत उरलेली असते. पुठ्ठ्यावर खळीने डकवल्यास ओलीने कागद सुरकुततो. म्हणून कोरडी रीत रूढ झाली. छायाचित्र व पुठ्ठा यांच्यामध्ये उष्णतेने चिकटणारा पातळ कागद ठेवून तापत्या दाबयंत्रात दाबायचे.

धोका असतो तो चकाकीला. अशा रंगीत छायाचित्राच्या कागदाला बहुधा दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. उष्णता 100 अंश सेल्सिअसच्या आत न राखल्यास तो मऊ होऊन फोड धरतो. ओल तर त्याहून कपटी! पावसाळ्यात पुठ्ठा कोरडा भासला, तरी आत दमट असतो. ती वाफ जिलेटिनच्या थराला मऊ करते, वरचा कागद त्याला चिकटतो आणि चकाकीवर डाग उमटतात. यास्तव पुठ्ठा व आच्छादनाचा कागद आधी यंत्रात तापवून वाळवावेत. आच्छादन गुळगुळीत, न चिकटणारे हवे. धुळीचा एक कणही कायमचा खळगा पाडतो. नंतर सपाट वजनाखाली थंड होऊ द्यावे. घरच्या इस्त्रीचा मोह टाळलेला बरा. वाफेची तर नकोच.

मात्र एकदा चिकटलेले छायाचित्र सुखरूप सुटणे कठीण. मुद्दल पणाला लावणे कोणत्या व्यापाऱ्याला रुचेल? म्हणून आधी नवी प्रत काढून घ्यावी, यंत्रात तीच घालावी. मूळ प्रत कागदी कोपऱ्यांत अडकवून उन्हापासून दूर ठेवावी.