बॉनेट नंतर उघडा

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. चकचकीत केलेलं रॉकर कव्हर, दोन कार्बोरेटरांच्या पॉलिश मारलेल्या टोप्या, किल्ली फिरवताच घुमणारा आवाज. गिऱ्हाईक तिथेच निम्मं विरघळतं. मी तोवर गाडीच्या कडेला गुडघे टेकून बसलेला असतो आणि हातातला छोटा लोहचुंबक दाराखालच्या पत्र्यावरून फिरवत असतो. चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, रंगाखाली नुसती लांबी भरलेली आहे. अशा वेळी विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मी पेशाने बॉडी इंजिनिअर. पुण्यात शिकलो, पिंपरीत उमेदवारी केली. टाटांनी 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि पुणे व इंग्लंडचा मिडलँड्स यांच्यात इंजिनिअरांची ये-जा सुरू झाली, तिच्यात मीही इकडे येऊन राहिलो. दिवसभर ऑफिसात मोटारीच्या सांगाड्याची गणितं करायची. इंजिनाचं वजन किती आणि ते बसणार कुठे, एवढ्यापुरताच माझा त्याच्याशी संबंध. आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजात 1970 ची एमजीबी रोडस्टर. दिवसभर मोटारी बघून घरी पुन्हा मोटारच, असं आमच्या घरी म्हणतात. खरं सांगायचं तर ऑफिसात मला मोटार दिसतच नाही, तिचे आकडे दिसतात.

एमजीबी ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची. तिथल्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी आणि तिची भावंडं मिळून पाच लाखांहून जास्त बाहेर पडली. त्यामुळे ती दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. घरी दुरुस्त करायला ती उत्तम, याचं कारणही तेच: लागेल तो सुटा भाग आजही नवा मिळतो. तिच्या आधीची एमजीए वेगळ्या चासीवर उभी होती; खाली जाड लोखंडी चौकट, वर बॉडी बोल्टने कसलेली. एमजीचे इंजिनिअर सिड एनेव्हर यांच्या हाताखालच्या मंडळींनी एमजीबीत ती चौकटच काढून टाकली. वाकवलेले, घड्या घातलेले पातळ पत्रे एकमेकांना ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून केलेली पेटी हीच गाडी. वजन कमी, जागा जास्त, खर्च आटोक्यात. पण मग पत्र्याला केवळ झाकण्याचं काम उरत नाही, भार तोच उचलतो.

त्यात ही गाडी उघडी. झाकण लावलेला बुटांचा खोका दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा, सहज पिळला जात नाही. झाकण काढून पुन्हा पिळा. छप्पर नसलेल्या मोटारीचा सगळा प्रश्न एवढाच आहे. वरून गेलेला ताठपणा खालून भरून काढावा लागतो आणि एमजीबीत तो भरून काढतात दोन्ही दारांखालचे उंबरठे, गाडीवाल्यांच्या भाषेत सिल. पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जाणारी ती पोकळ पेटी आहे. बाहेरचा रंगवलेला पत्रा, आत फरशीला जोडलेला दुसरा, दोन्हींच्या मधोमध उभा पडदा आणि तळाशी पाणी निघून जावं म्हणून कंगोरे ठेवलेली पट्टी. ही पेटी कुजली की गाडी मधून खचते. इंजिन कितीही गोड चालो, ती गाडी राहत नाही.

आणि ही पेटी कुजतेच. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे चेशायरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतलं मीठ टनावारी पसरतात. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागे एक आडपत्रा असतो आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी. रबर कडक झालं की चाकाने उडवलेला खारट चिखल त्या फटीतून मागे जाऊन उंबरठ्याच्या तोंडाशी बसतो आणि उन्हाळाभर ओला राहतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथल्या फटीत खारं पाणी शिरतं. फटीच्या तोंडाला हवेतला प्राणवायू मिळतो, तळाला मिळत नाही. तेवढ्या फरकाने एक चिमुकला विद्युतघट तयार होतो आणि धातू झिजतो तो आतला, प्राणवायू न मिळणारा. म्हणून बाहेर रंगाला मिरीएवढा फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. मालवण-रत्नागिरीकडे ज्यांच्या गाड्या अंगणात उभ्या असतात त्यांना हे समजावून सांगायला नको. आजच्या गाड्यांना जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो आणि पोकळ्यांत मेण फवारलेलं असतं. 1970 च्या गाडीच्या नशिबात यातलं काही नव्हतं.

माझ्या गाडीवर कुणीतरी आधी हात चालवलेला होता. कुजलेला उंबरठा तसाच ठेवून त्यावर नवा पत्रा डागलेला, वर लांबी, वर रंग. बाजारात असे झाकणपत्रे तयार मिळतात आणि माझ्या मते ते विकायलाच बंदी हवी. खालचा गंज थांबत नाही, उलट ओल कोंडून राहते, आणि भार वाहायला जुना पत्रा उरलेलाच नसतो. परीक्षा सोपी आहे. दार लावून कडेची फट बघा, मग त्या बाजूने जॅकने गाडी सावकाश उचला आणि फट पुन्हा बघा. वरची फट आवळत गेली, दार अडकायला लागलं, तर उंबरठा नावापुरता आहे. ऑफिसात याच गोष्टीसाठी आम्ही संगणकाला तासन्‌तास राबवतो.

दुरुस्तीचा क्रम इथूनच ठरतो. पिंपरीला आमच्या शॉपमध्ये एक डेंटर मिस्त्री होते. मी रंगाच्या छटेबद्दल काहीतरी शहाणपण शिकवायला गेलो तेव्हा म्हणाले, "साहेब, रंग शेवटी. आधी दार बसलं पाहिजे." एमजीबीच्या बाबतीत मी अजून यापेक्षा उपयोगाचं वाक्य ऐकलेलं नाही.

उंबरठा कापायच्या आधी गाडी कशावर उभी आहे हे पाहावं लागतं. जॅक पोटाखाली नको. मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या आडव्या तुळईखाली घोड्या लावायच्या, म्हणजे रस्त्यावर वजन जिथून जातं तिथूनच ते इथेही जाईल. पेट्रोलची टाकी काढून गॅरेजाबाहेर, बॅटऱ्या बाहेर. या मॉडेलला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे फरशीखाली टांगलेल्या असतात आणि त्यांचे पिंजरेही हटकून कुजलेले निघतात. मग दारं बसवून सगळ्या फटी मोजायच्या. चार-पाच मिलिमीटरची, वरून खालपर्यंत सारखी फट मिळेपर्यंत पुढे जायचं नाही. ती मिळाली की दार काढून बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी बोल्टने पक्की करायची. आता कापा. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडणाऱ्या उत्साही लोकांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांची दारं पुढे कधीच नीट लागत नाहीत.

पुढची मडगार्डं बोल्टवर असल्यामुळे सहज निघतात, मागची मात्र शेलला डागलेली. मूळ उंबरठा मागच्या पत्र्याच्या आत शिरलेला असतो, म्हणून त्या पत्र्याचा खालचा तुकडाही कापावा लागतो. इथे बरेच लोक कच खातात आणि उंबरठा दिसतो तेवढाच बदलतात. कारखान्यात पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड दाबून ठिपके मारत. घरी प्रत्येक ठिकाणी तसं यंत्र पोचत नाही. तेव्हा वरच्या पत्र्याला सहा-सात मिलिमीटरची भोकं पाडायची, जिथे पत्र्याला पत्रा भिडणार तिथे जस्ताचा प्रायमर लावायचा आणि मिग वेल्डिंगने भोक बुजवत खालचा पत्रा पकडायचा. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. एका जागी रेंगाळलं तर भोक पडतं, सलग शिवण ओढत गेलं तर पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. इथे एक ठिपका, मग हातभर लांब दुसरा, मग पुन्हा इकडे. मधूनमधून नळी सोडवून दार टांगायचं आणि फट मोजायची. ग्राइंडरने ठिपके सपाट करताना आवाज इतका होतो की आमचे शेजारी, एरवी अतिशय सभ्य, रविवारी सकाळी पडद्याआडून नुसते बघत राहत. शेवटी पोकळीत मेण. ते लांब नळीने आत फवारायचं आणि खालची पाण्याची भोकं बुजली नाहीत ना, तेही बघायचं.

इंजिनाबद्दल मी थोडक्यात आटपणार आहे, कारण मराठी वाचकाच्या घरात कुणाला ना कुणाला ते ठाऊक असतं. एमजीबीचं 1798 सीसी इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, आणि आपल्या ॲम्बॅसिडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. मंत्र्यांच्या एकेकाळच्या पांढऱ्या गाडीचा आणि या दोन सीटांच्या लालबुंद गाडीचा पूर्वज एक! बिडाचा ब्लॉक, बाजूला कॅमशाफ्ट, वर आठ झडपा. ज्याने ॲम्बॅसिडरचे टॅपेट लावलेत त्याला नऊचा नियम इथेही जसाच्या तसा लागू: जी झडप लावायची तिचा क्रमांक नवातून वजा करायचा आणि उत्तर येईल ती झडप पूर्ण दाबली जाईपर्यंत इंजिन फिरवायचं. पहिली लावताना आठवी, तिसरी लावताना सहावी. एमजीबीला अंतर 15 थाउ, म्हणजे इंचाचे 15 हजारांश.

एक बदल मात्र मी मशीन शॉपमधून मुद्दाम करून घेतला. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट झडपेच्या बिडाच्या बैठकीवर बसून तिला झिजू देत नसे. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून तसं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं, म्हणून हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठका ठोकून घ्याव्या लागतात. रबरी पेट्रोल-नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल आल्यावर जुन्या गाड्यांच्या मालकांनी हे आधी करायला हवं.

कार्बोरेटर हा मला या गाडीतला सर्वांत आवडणारा भाग, आणि तो आवडायला बॉडी इंजिनिअर असण्याची गरज नाही. दोन एसयू. आत एक दट्ट्या इंजिनच्या ओढीने आपोआप वर-खाली होतो आणि त्याच्या बुडाला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचं भोक कमी-जास्त करते. दट्ट्या हिसक्याने उडू नये म्हणून वर दांडीत चमचाभर तेल. मिश्रण बरोबर आहे का, हे कानाने कळतं. बाजूची पिन किंचित वर दाबून दट्ट्या जरासा उचला. इंजिन क्षणभर वेगावून पुन्हा पूर्ववत झालं तर ठीक. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन गडबडून बंद पडायला लागलं तर कमी. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का, हे रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी धरून ऐकायचं.

या गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीवर इथे अमाप विनोद चालतात. मला ते अन्यायाचे वाटतात. बहुतेक वेळा दोष तारेत नसतो, बॉडीला टेकलेल्या अर्थच्या टोकाखाली असतो. गंजलेल्या पत्र्यातून वीज परत जायची कशी? म्हणजे पुन्हा पत्राच.

आता मूळपणाचा प्रश्न. ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवर 1988 पासून एमजीबीचे अख्खे नवे शेल दाबायला घेतले. पैसे मोजले की कोरं शेल घरपोच, त्यात जुनं इंजिन आणि सीटा बसवल्या की झालं. ज्यांची गाडी वाचण्यापलीकडे गेली त्यांच्यासाठी ही सोय मोठीच. मला मात्र चिरफाड करून जेवढा मूळ पत्रा टिकतो तेवढा टिकवावासा वाटतो. माझ्या गाडीची मधली बोगद्याची बाजू आणि छातीचा पत्रा 1970 चाच आहे, आणि तो चांगला आहे. चांगला भाग केवळ जुना म्हणून फेकणं मला जमत नाही. तसंच, चाळीस वर्षांवरच्या आणि फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना 2018 पासून इथे वार्षिक तपासणी माफ आहे. म्हणजे उंबरठ्याकडे कायद्याने कुणी बघणार नाही. मी पैसे भरून तपासणी करून घेतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

भारतात 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून आपल्याकडे कुणाच्या वाड्यात एमजी टीसी किंवा टीडी झाकून ठेवलेली असेल, तर आधी वेल्डरला नव्हे, सुताराला बोलवा. त्या गाड्यांची बॉडी ॲश लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेली असते. दाराखालचं लाकूड वाळवीने किंवा पाण्याने गेलं असेल तर तिथून सुरुवात. आणि इंजिनला पाना लावण्याआधी एक लक्षात ठेवा. या एक्सपीएजी इंजिनांच्या बोल्टांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची, पण आटे मेट्रिक, तेही आडमापाचे. 8 मिलिमीटरच्या बोल्टवर दोन आट्यांतलं अंतर 1 मिलिमीटर, तर दुकानात सहज मिळतो तो सव्वाचा. तो पहिले एक-दोन फेरे निमूट जातो. त्यानंतर जोर लावला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे खरवडून निघतात. आटे मोजायची पट्टी आधी घ्या, पान्यांचा सेट नंतर.