एक त्रिशूळवाली कादंबरी द्या!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कन्येनं मला विचारलं, "बाबा, तू एवढी पुस्तकं वाचतोस ना? मग मला राजीसारखी एक कादंबरी दे."

चौदाव्या वर्षी मुलगी आपण होऊन मराठी कादंबरी मागते, हा योग बापाच्या आयुष्यात एकदाच येतो. काहींच्या येतही नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. ही राजी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. पण बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाचं अज्ञान चेहऱ्यावर दिसत नाही. मी म्हणालो, "बघतो. उद्या या." सवयीनं तोंडातून तेच गेलं.

राजी ही व्हिडिओ गेममधली नायिका निघाली. असले खेळ जपानहून येतात अशी माझी समजूत. हा निघाला पुण्याचा! नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या इथल्याच कंपनीनं तो 2020 साली बाहेर काढला. देवासुरांचं युद्ध आहे त्यात. पुण्याला ते नवीन नाही म्हणा, आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दर वर्षी भरतेच.

तर राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोरगी. असुर येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. ही त्याच्यामागे निघते. दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, पुढं विष्णूचं धनुष्य मिळतं. खांबांवर चढते, भिंतीवरून धावते, कड्याला लोंबकळते. वर दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत तिची हकिकत सांगत असतात, आमच्या समोरच्या गॅलरीतून आमची सांगतात तशी. सोडवायला राजपुत्र वगैरे कोणी येत नाही. सोडवायचा तो भाऊ, आणि सोडवणारी ही.

अशी नायिका आता मराठीत शोधायची. आप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "इयत्ता?"

"इयत्ता नाही. कादंबरी हवी आहे. नायिकेच्या हातात त्रिशूळ पाहिजे."

"देवीमाहात्म्य पलीकडे मिळेल," तो म्हणाला.

मग नगर वाचन मंदिर गाठलं. 1848 पासून पुणेकरांना वाचायला पुस्तकं देणारी संस्था. म्हटलं, इथं तरी कोणी लढलं असेल. मराठी कादंबरी सुरू झाली तीच नायिकांच्या नावानं. 1861 साली हळब्यांची 'मुक्तामाला', 1868 साली रिसबुडांची 'मंजुघोषा'. पण नाव नायिकेचं आणि नशीबही तिचंच, म्हणजे सोसण्याचं. नाथमाधवांचं 'वीरधवल' आणि गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' मी शाळेत असताना पांघरुणात बॅटरी लावून वाचली होती. ती मोठ्या अभिमानानं घरी नेली. तीन दिवसांनी दोन्ही टेबलावर परत.

"छान आहेत. पण सगळं पुरुषच करतात, बाबा."

पस्तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी एक चूक केली. यात भाऊ-बहीण आहेत, एवढ्या एका मुद्द्यावर तिला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' दिली. 1890 साली हरिभाऊंनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यातून ही कादंबरी क्रमशः आली. करमणूक! त्यातली यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते. शंकरमामंजींपुढं तो महाबलासुर परवडला. त्याला निदान शिंगं असतात, बघताक्षणी कळतं. मामंजी जानवं घालून ओसरीवर बसतात.

चार दिवस गेम बंद होता. सौ. म्हणाली, "अहो, पोरीला ताप आहे का बघा." पाचव्या दिवशी रात्री मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर ही ओट्याशी उभी. यमूचं वपन करतात तिथवर आली होती.

"हिला शस्त्र कोणीच का दिलं नाही?"

मी म्हणालो, "आहे की. ती सगळं लिहून काढते."

"ते शस्त्र नाही. शेवटचं पान मी आधीच बघितलं. ती मरते."

कॉमर्सच्या पदवीत याचं उत्तर नव्हतं. मी पाणी न पिताच परत आलो.

दुसऱ्या दिवशी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' काढून दिला. ही कादंबरी नव्हे. वरसईचे विष्णुभट दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि 1857च्या बंडात सापडले. पुस्तक छापून आलं 1907 साली. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना झाशीची राणी भेटते. पठाणी वेश, अंगभर धूळ, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढं होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मी काढून घेते. आणि काढून, ओंजळीनं पिऊन पुढं निघते.

कन्येनं ते पान दोनदा वाचलं. "हे खरं झालेलं?"

"खरं."

"मग याचा गेम का नाही काढत कोणी?"

रविवारी माझी ताई आली. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. ताईनं बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात उभी राहिली. माझी बी. कॉम.ची फी त्या साड्यांच्या घड्यांतून आली. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. ताई तर मुळीच नाही.

कन्येनं आत्याला राजीची सगळी हकिकत ऐकवली. ताईनं चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढे राक्षस मारायचे आणि शेवटी आणायचं काय, तर भाऊ!"

मी चहा टाकायला उठलो. परत आलो तर खेळाचं यंत्र ताईच्या हातात होतं. पहिल्याच उडीला राजी दरीत गेली.

"पुन्हा लाव गं," ताई म्हणाली. "पोरगं तिकडं एकटं आहे."

जेवणापर्यंत ती अकरा वेळा पडली. पानं वाढून झाली तरी उठायला तयार नव्हती.