दगडावरचा संसार

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मामांबरोबर लोहगड पाहण्यास निघालो होतो. मळवलीस आगगाडीतून उतरून भाजे गावावरून आम्ही गडाची चढण धरली. गणेश दरवाजाजवळ विसाव्यास बसलो असता एका शिळेवर राखाडी-हिरवट खपली पसरलेली दिसली. तिच्यावर आपले नाव कोरावे, असा मला मोह झाला. अणकुचीदार दगडाने मी पहिले अक्षर खरवडले मात्र, तोच मामांनी माझा हात धरला.

“अरे, कुणाचा संसार मोडतोस?”

मी चकित होऊन पाहू लागलो. मामा म्हणाले, “मसाल्यातले दगडफूल तुला ठाऊक आहे ना? हे त्याचेच भावंड. हे एक झाड नव्हे. बुरशी आणि शैवल या दोघांचे हे घर आहे. बुरशी दगडाला घट्ट धरते, ओलावा राखते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातला वाटा बुरशीला देते. उघड्या कातळावर एकट्याचा निभाव लागणे कठीण!”

स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे गुपित मांडले, तेव्हा अनेक विद्वानांचा त्यावर विश्वासच बसला नव्हता, हे मी पुढे वाचले.

बऱ्याच वर्षांनी मालवणास गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात प्रवाळ पाहिले आणि मामांचे शब्द आठवले. प्रवाळ हा चिमुकला प्राणी. त्याच्या देहात सूक्ष्म शैवले राहतात. तो त्यांना आसरा देतो, ती त्याला अन्न देतात. त्याचा रंगही बहुतांशी त्यांचाच. परंतु समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, की ही सोबत तुटते. शैवले निघून जातात, प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो; नाही तर उपासमारीने मरतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवती असे कितीतरी प्रवाळ मेले.

गेल्या वर्षी मी पुन्हा लोहगडावर गेलो आणि ती शिळा शोधून काढली. अशा खपल्या वर्षाकाठी कित्येकदा एक मिलिमीटरही वाढत नाहीत. मामा आता नाहीत. माझ्या अक्षराची पुसट रेघ मात्र अजून दिसत होती. नाव अर्धेच राहिले याचे मला समाधान वाटले. तेवढेही कोरले नसते तर, असेही मनात आल्यावाचून राहिले नाही.