पदवी झाली, पण शिकणं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तुमच्या पदवीला किती वर्षं झाली? माझ्या बी.एस्सी.ला २५ होऊन गेली. तेव्हा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा दंडगोल, असं आम्ही शिकलो. २० मे २०१९ पासून ती व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. पदवी तीच राहिली, विज्ञान पुढे गेलं!

सातवीतल्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं, "बाई, तुम्ही अजून शिकता का हो?" हा प्रश्न डोक्यातून जाईना.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर एक साधा उपाय आहे. १९४२ पासून, म्हणजे ऐन महायुद्धापासून, तिथे जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं होतात. प्राध्यापक आपलं चालू संशोधन सोपं करून सांगतात. माजी विद्यार्थी असो की नोकरदार, कुणीही यावं. फी नाही, परीक्षा नाही. तासाभराच्या आत आटोपतं, त्यामुळे रजा काढावी लागत नाही. मला यातली हीच गोष्ट फार आवडते. बरीच व्याख्यानं यूट्यूबवरही आहेत. रविवारी मी एखादं ऐकते.

आपल्या शाळेत हे जमणार नाही का? महिन्यातून एकदा, मधल्या सुट्टीत, डबे खाता खाता एकाने आपल्या विषयातलं नवीन काहीतरी सांगावं. पंधरा मिनिटं पुरेत. पालकांमध्येही डॉक्टर, इंजिनिअर, कृषी पदवीधर असतात, त्यांनाही बोलवा. आणि दार उघडं ठेवा. बाई आणि सर वहीत काही लिहून घेताहेत, हे मुलांना दिसू द्या.

तुम्ही पहिला विषय कोणता घ्याल? जरूर कळवा.