घर कसं चालतं?

१९९६ साली सनद मिळाली आणि पुण्यात एका ज्येष्ठ वकिलांकडे मी ज्युनिअर म्हणून बसू लागले. ते फक्त कामगारांच्या केसेस घ्यायचे. भोसरी-चिंचवडची पहिली पाळी सुटली की माणसं थेट ऑफिसात यायची. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असायची. तिच्यात पगारचिठ्ठ्या, पी.एफ.ची स्लिप, ई.एस.आय.चं कार्ड आणि घड्यांवर फाटत आलेलं चार्जशीट. ती पिशवी रिकामी करून कागद तारखेप्रमाणे लावायला मला पाच मिनिटं पुरायची. याचा मला फार अभिमान होता. पिशवी आणणाऱ्याकडे मात्र मी सही घेतानाच मान वर करून बघायचे.

२००२ मध्ये चौदा जण आले. एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला होते. आठ-नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले, माणसं तीच राहिली. काम कंपनीचा फोरमन सांगायचा, ओव्हरटाइमला तोच थांबवून घ्यायचा. आता गेटपास बंद होणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती.

अशा वेळी आमच्यापुढे दोन वाटा असत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याची वाट लांबची. आधी मागणीपत्र, मग समेट अधिकाऱ्यापुढच्या तारखा, मग सरकारने प्रकरण कोर्टाकडे पाठवायचं. दुसरी वाट महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याची, आमच्या भाषेत ‘यूएलपी’. अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट दाखल करायची आणि अंतरिम हुकूम मागायचा. मी यूएलपी टाकली.

अडचण अशी की ‘हे आमचे कामगारच नाहीत’ असं कंपनी म्हणत असेल, तर तो वाद या तक्रारीत सुटत नसे. नातं आधी पहिल्या वाटेने सिद्ध करून यावं लागे. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हे २००१ सालीच सांगितलं होतं. दोन्ही निकाल मी वाचले होते, पेन्सिलने खुणासुद्धा केल्या होत्या. तरी वाटलं, फोरमनचा पुरावा इतका पक्का आहे, आपलं निभावेल. खरं सांगायचं तर मला स्टे हवा होता. तो मिळाला. पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले.

तीन महिन्यांत उच्च न्यायालयात तो हुकूम उडाला आणि चौदाही जण गेटबाहेर झाले. तेव्हाच तक्रार मागे घेऊन मागणीपत्र द्यायला हवं होतं. मी हट्टाने चार वर्षं तीच चालवली. शेवटी ‘हा प्रश्न इथे ठरवता येत नाही’ म्हणून ती फेटाळली गेली. नव्याने मागणीपत्र लिहिलं तेव्हा सहीला पाच जण आले. बाकीचे गावी गेले होते किंवा दुसरीकडे लागले होते. “कोर्टाने ऐकलं नाही,” असं मी त्या पाचांना सांगितलं. ते खोटं होतं. न ऐकणारी मीच होते.

दुसरी चूक २०१४ची. एकोणीस वर्षं नोकरी झालेला माणूस, अरेरावीच्या आरोपावरून काढलेला. प्रतिज्ञापत्र मी कॉम्प्युटरमधल्या जुन्या मसुद्यावरून केलं. त्यातला नववा परिच्छेद सगळ्यांना सारखाच होता: नोकरी गेल्यापासून मी पूर्ण बेकार असून मला उत्पन्नाचं कोणतंही साधन नाही.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी अगदी मवाळ आवाजात विचारलं, “घर कसं चालतं?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “बायकोच्या नावावर चहा-पोह्यांची गाडी आहे. पहाटे मीच लावतो. दीडशे-दोनशे सुटतात.”

“म्हणजे परिच्छेद नऊ खोटा आहे?”

“सही माझीच आहे,” तो म्हणाला. मॅडमनी लिहून दिलं, असं तो म्हणाला नाही.

आदल्याच वर्षी दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, मागचा पगार मागणाऱ्याने आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर काम करत होतो, एवढं सांगावं. मग तो कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणजे ती गाडी लपवण्याची गरजच नव्हती. उघड लिहिली असती तर ती त्याच्याच बाजूने बोलली असती. निकालात नोकरी परत मिळाली, पण मागचा पगार चौथाईच. कारण एका ओळीत होतं: अर्जदाराने वस्तुस्थिती दडवली.

कोर्टाच्या जिन्यात मी त्याला म्हटलं, “चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारलंच नाही.” अठरा वर्षांच्या वकिलीत अशिलाला हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं की, मॅडम,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर सुचेना.

तो नववा परिच्छेद मी त्याच रात्री मसुद्यातून काढून टाकला. आता कुणी पिशवी पुढे सरकवली की ती तशीच टेबलावर राहू देते आणि आधी विचारते, “घर कसं चालतं?” माणसं बिचकतात, दाराकडे बघतात, मग हळू आवाजात सांगतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी मेव्हण्याच्या दुकानात बसतो. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेते.

चौदांपैकी सहीला न आलेल्या त्या नऊ जणांना मात्र काहीच सांगितलेलं नाही. त्यांची वकीलपत्रं अजून कपाटात आहेत, पत्त्यांसकट.